रात्रीची रणे : लाल महाल, कटवा आणि मराठा खंदक

सूर्य मावळल्यावर शस्त्र म्यान करावे, हा भारतीय युद्धधर्माचा जुना दंडक होय. कुरुक्षेत्रावरील वीरांनी तो बहुतांशी पाळला. परंतु जयद्रथवधाच्या दिवशी सूर्यास्तानंतरही युद्ध थांबले नाही. रथांवर आणि हत्तींवर मशाली पेटल्या, आणि त्या रात्री घटोत्कचासारखा मोहरा पडला. पुढे दुर्योधनाच्या पतनानंतर अश्वत्थाम्याने निद्रिस्त पांडवशिबिरात शिरून जो संहार केला, त्यासाठी महाभारतात ‘सौप्तिक’ नावाचे स्वतंत्र पर्वच आहे. महाभारतकारांना तो अधर्म वाटला. कौटिल्याला मात्र तसे वाटले नाही. रात्री छापे घालून शत्रूला जागते ठेवावे आणि दिवसा तो पेंगुळला असता त्याच्यावर तुटून पडावे, अशी रोकठोक शिकवण त्याने कूटयुद्धाच्या प्रकरणात दिली आहे.

आम्हां मराठी माणसांना हा विषय परका नाही. शिवचरित्रातील जे प्रसंग आपल्या घराघरांतील मुलांना तोंडपाठ असतात, त्यांतील कितीतरी रात्रीचे आहेत. परंतु महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, भागीरथीच्या काठी संसार मांडलेल्या आम्हां कलकत्तेकर मंडळींना या विषयाची दुसरी बाजूही ठाऊक असावयास हवी. ज्या शहराने आम्हांला आसरा दिला, त्याच शहराभोवती एके काळी आमच्याच भीतीने खंदक खणला गेला होता. ज्या प्रांतात आम्ही राहतो, त्या प्रांतात मराठ्यांच्या एका मोठ्या सेनेची एका रात्रीत दैना झाली होती. सुवर्णमहोत्सवाच्या या ग्रंथात आपल्या मंडळाच्या पन्नास वर्षांचा हिशेब इतरत्र मांडला आहेच. त्याच्या जोडीला हा जुना हिशेबही वाचकांसमोर ठेवावा, असे आम्हांस वाटते.

रात्रीच्या लढाईचे शास्त्र

रात्र ही दुबळ्याची मैत्रीण, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. ते अर्धेच खरे आहे. अंधारात संख्येचे बळ कमी होते, तोफखान्याचा नेम चुकतो, घोडदळाला धाव घेता येत नाही. म्हणून थोड्यांना पुष्कळांवर मात करता येते, हे खरेच. परंतु अंधार दोन्ही पक्षांना सारखाच आंधळा करतो. आपला कोण आणि परका कोण, हे ओळखू येत नाही. निशाण दिसत नाही. हुकूम पोहोचत नाही. एक तुकडी वाट चुकली की सारा बेत ढासळतो. म्हणून रात्रीचा हल्ला यशस्वी व्हावयाचा तर काही गोष्टी अगोदरच साधाव्या लागतात. जमीन तळहातासारखी ठाऊक हवी. माणसे थोडी, निवडक आणि एकमेकांना आवाजावरून ओळखणारी हवीत. हेतू एकच आणि साधा हवा. आणि परतीची वाट निघण्यापूर्वीच ठरलेली हवी. यांतील पहिली अट सर्वांत मोठी होय. अंधारात डोळ्यांचे काम पायांना करावे लागते, आणि पायांना फक्त आपली भूमी ठाऊक असते.

शिवाजी महाराजांच्या रात्रीच्या मोहिमा या कसोटीवर घासून पाहाव्यात. १६६० च्या जुलैमध्ये, आषाढी पौर्णिमेच्या सुमारास, सिद्दी जौहरचा पन्हाळ्याचा वेढा चुकवून महाराज विशाळगडाकडे निघाले ते भर पावसाळी रात्री. पौर्णिमा असूनही त्या डोंगरात आषाढाचे ढग चांदणे राहू देत नाहीत, हे मावळ्यांना ठाऊक होते. पहाटेनंतर घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे यांनी जे केले ते दिवसाच्या उजेडातील शौर्य. परंतु त्या शौर्याला अवसर मिळाला तो रात्रीच्या वाटचालीमुळे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री, माघ वद्य नवमीस, तानाजी मालुसरे सिंहगडाच्या कड्यावरून चढले. १६७३ च्या मार्चमध्ये कोंडाजी फर्जंद अवघ्या साठ माणसांनिशी पन्हाळ्यावर चढला आणि तो गड स्वराज्यात आला. तिन्ही ठिकाणी माणसे थोडी, हेतू एक, आणि भूमी आपली.

लाल महालातील अष्टमी

या सर्वांत धाडसी प्रसंग लाल महालाचा. बादशहा औरंगजेबाचा मामा शाहिस्तेखान १६६० च्या मे महिन्यापासून पुण्यात तळ देऊन बसला होता. ज्या लाल महालात महाराजांचे बालपण गेले, तेथेच त्याचा जनानखाना उतरला होता. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री, म्हणजे चैत्र शुद्ध अष्टमीला, महाराज थोड्या निवडक माणसांसह छावणीत शिरले. रमजानचा महिना होता. दिवसभर उपवास केलेले सैनिक रात्रीच्या जेवणानंतर सुस्तावले होते. अष्टमीचा अर्धा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास मावळतो आणि पुढची रात्र काळोखी होते. मुदपाकखान्याच्या बाजूची भिंत फोडून मंडळी आत घुसली. पुढे जो गोंधळ उडाला त्यात खानाचा पुत्र अबुल फत्ह मारला गेला. खान बोटांवर निभावून निसटला. छावणी जागी होईपर्यंत महाराज सिंहगडाच्या वाटेला लागलेही होते. बैलांच्या शिंगांना पलिते बांधून कात्रजच्या घाटात सोडल्याची गोष्ट लोकपरंपरेने त्यात पुढे मिसळली.

ही कथा आपल्याकडे येथेच संपवतात. बंगालमध्ये राहणाऱ्याने ती येथे संपवू नये; कारण तिचा उत्तरार्ध बंगालमध्ये घडला आहे. दख्खनेत अशी नामुष्की पदरी आल्यावर बादशहाने शाहिस्तेखानाची रवानगी बंगालच्या सुभ्यावर केली. त्या काळी मोगल दरबारात बंगालची बदली ही शिक्षेसारखीच मानली जाई. पुण्यात बोटे गमावलेला हा मनुष्य बंगालमध्ये मात्र कर्तबगार ठरला. मधला थोडा काळ वगळता १६६४ पासून १६८८ पर्यंत त्याने सुभेदारी केली. १६६६ मध्ये त्याच्या सैन्याने चितगाव जिंकून चाच्यांचा बंदोबस्त केला, आणि त्याच्या राज्यातील तांदळाची स्वस्ताई बंगालमध्ये म्हणीसारखी झाली. त्याच्याच कारकिर्दीच्या अखेरीस इंग्रज कंपनीचे मोगलांशी युद्ध जुंपले. १६८६ मध्ये हुगळीहून हुसकावला गेलेला जॉब चार्नॉक नदीच्या खालच्या अंगाला सुतानुटी येथे आला, आणि अखेर २४ ऑगस्ट १६९० रोजी त्याने तेथे कायमचा मुक्काम ठोकला. हेच कलकत्त्याचे बीज. लाल महालातील त्या रात्रीचा एक धागा असा थेट आपल्या राहत्या शहरापर्यंत येऊन पोहोचतो.

बारगीर बंगालमध्ये

आता दुसरी रात्र. लाल महालानंतर एकोणऐंशी वर्षांनी मराठ्यांचे घोडे बंगालमध्ये आले, तेव्हा ते स्वराज्य राखावयास आलेले नव्हते. सरकारातून घोडा मिळालेल्या स्वारास आपल्याकडे बारगीर म्हणत. स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार. या ‘बारगीर’ शब्दाचेच बंगालीत ‘बर्गी’ झाले, आणि बंगालच्या तोंडी हा शब्द आजतागायत राहिला आहे.

१७४० मध्ये गिरियाच्या लढाईत सर्फराजखानाला मारून अलिवर्दीखान बंगालचा नबाब झाला. त्याच्याशी वैर असलेला मीर हबीब नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या आश्रयाला गेला. बंगाल ही सोन्याची खाण आहे आणि चौथाई मागण्यास हीच वेळ योग्य आहे, हे त्याने नागपूरच्या दरबारी पटवून दिले. रघूजींचे दिवाण भास्करराम कोल्हटकर हे १७४२ च्या वसंतात मोठे घोडदळ घेऊन पंचेतच्या डोंगराळ वाटेने बर्दवानवर उतरले. एप्रिलच्या मध्यास त्यांनी खुद्द नबाबाला बर्दवानजवळ कोंडीत पकडले. रसद तोडली, सामानसुमान लुटले. नबाब मोठ्या कष्टाने लढत लढत कटव्यापर्यंत पोहोचला. मे महिन्याच्या आरंभी मीर हबीबने मराठी घोडेस्वारांसह राजधानी मुर्शिदाबादवर अचानक झडप घालून जगत्सेठाची पेढी लुटली. पावसाळ्यात हुगळीही मराठ्यांच्या हाती गेली. भागीरथीच्या पश्चिमेचा बहुतेक मुलूख त्यांच्या अमलाखाली आला आणि कटवा हे त्यांचे ठाणे झाले.

या मोहिमेत प्रजेचे जे हाल झाले ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने ‘महाराष्ट्र पुराण’ या काव्यात ते लिहून ठेवले आहेत. पोथ्यांचे भारे घेतलेले ब्राह्मण, तराजू-वजने उचललेले सोनार, घरदार टाकून निघालेले विणकर, कडेवर मूल घेतलेल्या बायका, असे गावेच्या गावे पळत असल्याचे त्याचे वर्णन आहे. अत्याचारांची वर्णने त्याहून भयंकर आहेत. बर्दवानच्या दरबारी असलेल्या बाणेश्वर विद्यालंकाराने ‘चित्रचंपू’ या संस्कृत ग्रंथात हीच तक्रार केली आहे. हे दोघेही त्याच काळचे, आणि दोघेही हिंदू. तेव्हा या साक्षी शत्रुपक्षाच्या तवारिखा म्हणून बाजूला सारता येत नाहीत. विशेष म्हणजे गंगारामाने आपल्या कथेचा आरंभ मराठ्यांच्या बाजूने केला आहे. पापाच्या भाराने पृथ्वी वाकली म्हणून देवाच्या योजनेने शाहू राजाचे सैन्य बंगालमध्ये येते, अशी त्याची मांडणी. परंतु त्या सैन्याने गाईब्राह्मणांना आणि स्त्रियांना छळले तेव्हा देवीने पक्ष बदलला, असे तो म्हणतो. युद्धाचा निकाल त्याच्या मते तेथेच लागला.

कटव्याची अष्टमी

पाऊस संपत आला. भास्करपंतांनी कटव्याजवळ दाँईहाट येथे दुर्गापूजा मांडली. भोवतालच्या जमीनदारांकडून वर्गणी घेतली गेली, मूर्ती घडली, नैवेद्य आले. बंगालमध्ये येऊन बंगालच्या देवीची पूजा करावी, यात भक्ती होती तसे राजकारणही असणार. आपण आता येथे राहावयास आलो आहोत, हे त्यातून सर्वांना दिसत होते.

अलिवर्दी वयाने साठीच्या पुढचा होता, परंतु कसलेला सेनापती होता. मराठ्यांचे बळ कशात आहे हे त्याने बर्दवानला अनुभवले होते. मोकळ्या सुक्या जमिनीवर त्यांच्या घोड्यांना गाठणे शक्य नव्हते. परंतु पावसाळा नुकताच सरला होता, चिखल वाळला नव्हता, नद्या भरलेल्या होत्या. वाटा सुकल्या की हे घोडे पुन्हा वाऱ्यासारखे पसरणार. तेव्हा जे करावयाचे ते त्यापूर्वीच. मराठ्यांपाशी नावा नव्हत्या आणि नावा चालविणारे हातही थोडे. नबाबापाशी दोन्ही होते. मधली नदी हीच आपली तटबंदी, असे समजून मराठी छावणी निर्धास्त झाली होती. जी गोष्ट शाहिस्तेखानाला पुण्यात भोवली, तीच भास्करपंतांना कटव्याला भोवणार होती.

कटवा हे भागीरथी आणि अजय या नद्यांच्या संगमावर वसले आहे. नबाबाने संगमाच्या उत्तरेस उद्धारणपूरजवळ रात्री नावांचा पूल बांधून भागीरथी ओलांडली. मग अजयवरही तसाच पूल घातला. चंद्र मध्यरात्रीनंतर लौकरच मावळला असणार. उरलेले काम अंधारात झाले. अजयवरील पुलाची एक नाव खचून पुष्कळ माणसे बुडाली, असे फार्सी तवारिखकार सांगतात. तरीही नबाबाच्या माणसांनी आवाज उठू दिला नाही. पूल दुरुस्त झाला, आणि पहाटेपूर्वी त्याचे निवडक सैन्य दक्षिण तीरावर उभे राहिले. २७ सप्टेंबर १७४२ ची ती पहाट, महानवमीची. मराठी छावणी झोपेत होती. शत्रू किती आणि कोठून आला, याचा अंदाज कोणालाच आला नाही. लढाई अशी झालीच नाही. घोड्यांवर खोगीर घालण्यास ज्यांना अवसर मिळाला ते निसटले. डेरे, सामान, नैवेद्य आणि मूर्ती मागे राहिली. दाँईहाटची पूजा नवमीला अर्धीच राहिली. डिसेंबरपर्यंत नबाबाने भास्करपंतांना मेदिनीपूर आणि कटकमार्गे चिलका सरोवराच्या पलीकडे रेटले.

या दोन रात्री शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. एक चैत्रातील, रामनवमीच्या आदली. दुसरी आश्विनातील, महानवमीच्या आदली. दोन्ही शुद्ध अष्टमीच्या पाठीवरच्या, दोन्हींत तोच अर्धा चंद्र. पहिलीत छावणी टाकून बसलेला परका मोगल होता आणि घाटवाटा जाणणारे मराठे होते. दुसरीत परके आम्ही होतो, आणि नदीचे पाणी, तिचे उतार, तिचे नावाडी नबाबाच्या बाजूने होते. मराठ्यांचे शौर्य या ऐंशी वर्षांत आटले होते, असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या मुलखातील शेतकरी रात्री धावत येऊन शत्रूची चाहूल सांगतो, त्या मुलखात सैन्याला झोप घेता येते. ज्या मुलखातील शेतकरी आपल्यापासून पळतो, तेथे पहाराच काय तो आपला, आणि तो सणाच्या रात्री ढिला पडला होता.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. १७४३ मध्ये स्वतः रघूजी भोसले आले. त्यांना रोखण्यासाठी नानासाहेब पेशवेही आले, आणि मराठ्यांची दोन सैन्ये बंगालच्या भूमीवर एकमेकांसमोर उभी राहिली. १७४४ मध्ये भास्करपंत पुन्हा आले. ३१ मार्च रोजी नबाबाने त्यांना मानकरा येथे तहाच्या बोलण्यासाठी डेऱ्यात बोलावले आणि त्यांच्यासह वीसहून अधिक सरदारांचा दगाबाजीने वध केला. रात्रीचा छापा हा युद्धाचा भाग म्हणता येईल. दिवसाउजेडी पाहुण्यांचा केलेला हा खून मात्र त्या नबाबाच्या नावावरचा कायमचा डाग होय. १७५१ मध्ये तह झाला. बंगालच्या चौथाईपोटी वर्षाला बारा लाख रुपये ठरले, सुवर्णरेखा नदी ही सीमा ठरली, आणि ओरिसा १८०३ पर्यंत नागपूरकरांच्या वर्चस्वाखाली राहिला.

कलकत्त्याचा खंदक

कटव्याच्या बातम्या कलकत्त्यास पोहोचत होत्या. पश्चिम तीरावरील गावे ओस पडत होती आणि पळालेले लोक नदी ओलांडून कंपनीच्या आश्रयाला येत होते. कलकत्त्याच्या वाढीला या निर्वासितांचा हातभार लागला, हेही विसरता येत नाही. येथील रहिवाशांनी नबाबाच्या परवानगीने शहराभोवती खंदक खणण्याचे ठरविले. कंपनीच्या कौन्सिलने त्यासाठी पंचवीस हजार रुपये उचल दिली. ती फेडण्याची जबाबदारी रहिवाशांनी घेतली. उत्तरेस सुतानुटीपासून दक्षिणेस गोविंदपूरपर्यंत सुमारे सात मैलांचा अर्धगोल खणावयाचा होता. सहा महिन्यांत तीन मैल खणून झाले. तेवढ्यात मराठे येत नाहीत असे दिसले, आणि १७४४ मध्ये काम थांबले. हाच ‘मराठा डिच’. त्याच्यावरून कलकत्त्याच्या इंग्रजांना ‘डिचर’ असे टोपणनावच पडले. १७९९ मध्ये त्याचा मोठा भाग बुजवून सर्क्युलर रोड बांधण्यात आला. तोच आजचा आचार्य जगदीशचंद्र बोस मार्ग आणि आचार्य प्रफुल्लचंद्र मार्ग. उरलेला भाग १८९२-९३ च्या सुमारास बुजला. बागबाजारच्या बाजूला ‘मराठा डिच लेन’ हे नाव मात्र राहिले. सियालदहहून उत्तरेकडे जाणाऱ्या वाटेवर आपण एके काळी आपल्याविरुद्ध खणलेल्या खंदकावरूनच जात असतो, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

ज्या मराठ्यांसाठी खंदक खणला, ते कधी त्याच्या काठापर्यंत आलेच नाहीत. १७५६ च्या जूनमध्ये सिराजउद्दौल्याचे सैन्य आले, त्याला हा अर्धवट खंदक अडवू शकला नाही. आणि गंमत अशी की, रात्रीच्या लढाईत या खंदकाने एकदाच कोणाला अडवले, ते इंग्रजांनाच.

१७५७ च्या जानेवारीत क्लाईव्ह आणि वॉटसन यांनी कलकत्ता परत घेतले. फेब्रुवारीच्या आरंभी सिराज मोठे सैन्य घेऊन पुन्हा चालून आला. त्याची छावणी खंदकाच्या पलीकडे पसरली, आणि तो स्वतः खंदकाच्या आत अमीचंदच्या बागेत उतरला. ५ फेब्रुवारीच्या पहाटेपूर्वी क्लाईव्ह गोरे शिपाई, तेलंगे शिपाई आणि तोफा ओढणारे खलाशी मिळून दोन हजारांच्या आसपास माणसे घेऊन निघाला. छावणीतून घुसावयाचे, खंदकावरील वाटेने बागेत शिरावयाचे आणि नबाबाला गाठावयाचे, असा बेत. पौर्णिमेच्या सुमाराची रात्र होती, परंतु पहाटे असे दाट धुके उतरले की हाताचे अंतर दिसेना. माघातील कलकत्त्याचे धुके ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे सांगावयास नको. क्लाईव्हचे सैन्य दोन्ही बाजूंना गोळ्या झाडीत छावणीतून आंधळ्यासारखे चालत राहिले. खंदकावरील वाट सापडली तेव्हा त्यांच्याच तोफा त्यांच्याच माणसांवर चालल्या. नबाबाची बाग मागे राहून गेली. धुके उठले तेव्हा ते भातखाचरांत अडकलेले होते. दोन तोफा तेथेच टाकून त्यांना दक्षिणेकडून वळसा घेत किल्ल्यात परतावे लागले. ५७ माणसे मेली, शंभरावर जखमी झाली. हेतू तर साधला नाहीच.

परंतु नबाबाचे धैर्य मात्र त्या पहाटे खचले. आपल्या उशाशी शत्रू येऊन गेला, हा धसका त्याने घेतला, आणि चार दिवसांनी, ९ फेब्रुवारीस, अलीनगरचा तह केला. रात्रीच्या हल्ल्याचा हा आणखी एक गुण होय : तो चुकला तरी भीती पेरून जातो. शाहिस्तेखानही लाल महालात मेला नव्हता. तरी पुण्यात राहण्याची त्याची हिंमत राहिली नाही. त्याच वर्षी २२ जून रोजी क्लाईव्हने भागीरथी ओलांडली, ती कटव्याकडूनच. भर पावसात चालून मध्यरात्र उलटल्यावर तो प्लासीच्या आंबराईत पोहोचला. दुसऱ्या दिवशी काय झाले ते जगाला ठाऊक आहे. पंधरा वर्षांपूर्वी अलिवर्दीने ज्या परिसरात रात्री नदी ओलांडून आपले राज्य राखले, त्याच परिसरात नदी ओलांडून येणाऱ्यांनी त्याच्या नातवाचे राज्य घालविले.

नंतरच्या रात्री

अंधाराचा धडा मोठमोठ्यांना शिकावा लागला आहे. ५ एप्रिल १७९९ रोजी श्रीरंगपट्टणजवळच्या सुलतानपेठेच्या राईत आर्थर वेलस्लीचा रात्रीचा हल्ला पुरता फसला. दिवसा न पाहिलेल्या, तयारीत बसलेल्या शत्रूवर पुन्हा कधी रात्री चालून जाणार नाही, असे त्याने ठरविले. त्याचा थोरला भाऊ तेव्हा गव्हर्नर जनरल होता. चार वर्षांनी असई येथे शिंदे-भोसल्यांच्या सैन्याशी वेलस्लीने गाठ घातली ती दिवसाढवळ्या. कारगिलमध्ये १९९९ साली तोलोलिंग आणि टायगर हिल आपल्या जवानांनी रात्री चढून घेतली, तेव्हा मात्र कड्यावरून चढणाऱ्या मावळ्यांचीच आठवण कोणासही व्हावी. आता अंधारात पाहणारी दुर्बीण आली आहे. तरीही चढण, थंडी आणि भय अंधारातच असते.

आणि रात्रीचे युद्ध नागरिकांच्या घरातही शिरले. कटव्यानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, २० डिसेंबर १९४२ च्या रात्री, जपानी विमानांनी कलकत्त्यावर पहिले बाँब टाकले. काळोखी केलेले रस्ते, दिव्यांवरची काळी झाकणे, भोंग्याचा आवाज आणि स्थानकांवर लोटलेली गर्दी हे ज्या पिढीने अनुभवले, त्या पिढीला १७४२ च्या पळणाऱ्या गावांची कल्पना करणे कठीण गेले नसेल. १९७१ च्या डिसेंबरमध्ये कलकत्त्याचे दिवे पुन्हा झाकले गेले.

ऋण आणि परतफेड

बंगालमधील आयांनी बर्गींची आठवण अंगाईत जपली. मूल झोपविताना बर्गींचे नाव, बुलबुलांनी खाल्लेले धान आणि न देता येणारा सारा, हे सारे त्या चार ओळींत येते. आमची मुले बंगाली शेजाऱ्यांच्या मुलांबरोबर वाढतात. ती अंगाई त्यांच्याही कानावर पडते. मग एक दिवस ती विचारतात की, बर्गी म्हणजे आपणच का? या प्रश्नाला उत्तर द्यावेच लागते. आमच्या मते ते सरळ द्यावे. होय, ते आपलेच होते. लाल महालात शिरलेले आपले होते, तसे कटव्याला झोपेत सापडलेलेही आपलेच. पहिल्यांचा अभिमान बाळगावयाचा तर दुसऱ्यांचा हिशेबही स्वीकारावा लागतो. स्वराज्यासाठी अंधारातून गेलेला सैनिक आणि चौथाईसाठी परक्या गावावर चालून गेलेला सैनिक यांत फरक असतो, आणि तो फरक ज्याला सांगता येईल त्यालाच शिवाजी महाराज कळले, असे म्हणावे.

बंगालने तो फरक आमच्याआधी ओळखला, ही कृतज्ञतेने सांगण्याची गोष्ट आहे. जन्माने मराठी आणि लेखणीने बंगाली असलेल्या सखाराम गणेश देऊस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी येथे शिवाजी उत्सवासाठी खटपट केली. ज्या प्रांतात बर्गींच्या भीतीने मुले झोपत, त्या प्रांतात १९०४ साली रवींद्रनाथांनी ‘शिवाजी-उत्सव’ ही कविता लिहिली, आणि १९०६ मध्ये लोकमान्य टिळक कलकत्त्यात उत्सवाला आले तेव्हा लोकांनी त्यांचे प्रचंड स्वागत केले. सर जदुनाथ सरकारांनी शिवचरित्र लिहिले आणि बर्गींच्या स्वाऱ्यांचा इतिहासही लिहिला. दोहोंत त्यांनी कोणाची भीड धरली नाही. त्यांचा आणि रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांचा स्नेह आयुष्यभर टिकला. एकमेकांची मते खोडीत, कागदपत्रे पुरवीत दोघांनी मराठ्यांच्या इतिहासाची सेवा केली. खंदकाच्या दोन काठांवरील माणसांनी कसे बोलावे, याचा तो वस्तुपाठ होय.

आपले मंडळ पन्नास वर्षे या शहरात नवरात्र साजरे करीत आले आहे. महाअष्टमी आणि महानवमी यांच्या संधीला, म्हणजे अष्टमीची शेवटची चोवीस आणि नवमीची पहिली चोवीस मिनिटे, बंगाली मंडपांत एकशे आठ दिवे लागतात. त्या वेळी आपणही तेथे असतोच. पुढच्या वेळी हात जोडताना दाँईहाटच्या त्या अर्ध्या राहिलेल्या पूजेची आठवण ठेवावी. ती लुटीच्या पैशावर मांडली होती म्हणून अर्धी राहिली, असे गंगाराम म्हणेल. पहारा ढिला होता म्हणून अर्धी राहिली, असे सेनापती म्हणेल. आम्हांस दोघांचेही पटते. आज तीच पूजा शेजाऱ्यांच्या बरोबरीने वर्गणी देऊन, त्यांच्याच मंडपात बसून, आपण दरवर्षी पुरी करतो. या शहरातील मराठी माणसाच्या पन्नास वर्षांच्या संसाराचे याहून मोठे फलित दाखवावयाचे तर ते आम्हांस सुचत नाही.